आम्हांला काय, कुठंही चालेल!

दोन वर्षांपूर्वी, मुलांच्या वसंतातल्या सुट्टीत, आम्ही सात माणसं न्यू जर्सीहून ऑरलँडोला गेलो. मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, पुण्याहून आलेले सासू-सासरे आणि मिरजेहून आलेली माझी आई. पाच रात्री, दोन खोल्या, डिस्नेच्या हद्दीबाहेरचं एक मधल्या दराचं हॉटेल. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण चूक हॉटेलची नव्हती. त्यांनी जे कबूल केलं होतं ते सगळं दिलं. चूक आमची होती. आणि ही चूक आमच्यासारख्या घरांमध्ये दर सुट्टीत, पुरेसा अभ्यास करून, एक्सेलमध्ये तक्ते मांडून केली जाते आणि वर तिला 'मस्त प्लॅनिंग' म्हणतात. म्हणून हा लेख थोडा चिडून लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तीन पिढ्यांच्या सहलीसाठी 'मधल्या दराचं हॉटेल' शोधणं हा प्रश्नच चुकीचा आहे. मधला दर म्हणजे म्हाताऱ्या माणसांची सोय आणि आपला खिसा यांच्यातला सुवर्णमध्य, असं आपण समजतो. तसं काही नसतं. मधला दर ही आपली, म्हणजे मधल्या पिढीची, मनाची समजूत असते. अगदी स्वस्तात नाही नेलं, उधळपट्टीही नाही केली. आई-वडिलांना काय लागतं याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसतो. आणि तो नसतो हे आपल्याला कळत नाही, कारण आई-वडिलांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं : 'आम्हांला काय, कुठंही चालेल.'

*

तर आमचा तक्ता. नवऱ्यानं तो तीन आठवडे खपून केला होता आणि त्याबद्दल मी त्याची चेष्टा करणार नाही, कारण निम्मे रकाने माझे होते. रात्रीचा दर, कर, 'रिसॉर्ट फी' नावाची चोरवाट, पार्किंग, उद्यानांपर्यंतचं अंतर, फुकटची बस आहे का, फुकटचा नाश्ता आहे का, पोहण्याचा तलाव, तलावाला घसरगुंडी, वायफाय, रद्द करण्याची मुदत, लोकांनी दिलेले तारे. चौदा रकाने आणि अकरा हॉटेलं. सगळ्यात स्वस्त तीन काढली, सगळ्यात महाग तीन काढली, उरलेल्या पाचांतून एक निवडलं. मग रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिन्ही ज्येष्ठांना फोटो दाखवले. सासरे म्हणाले, 'वा, फारच छान.' सासूबाई म्हणाल्या, 'अगदी राजवाडा आहे हो.' आई म्हणाली, 'आम्हांला काय, कुठंही चालेल.' आम्ही पैसे भरले.

चौदा रकान्यांत न्हाणीघराचा रकाना नव्हता.

आता हीच माणसं महाबळेश्वरला किंवा गणपतीपुळ्याला गेली असती तर काय झालं असतं ते आठवून पाहा. मराठी मध्यमवर्गीय माणूस लॉजच्या काउंटरवर हात टेकून पहिले दोन प्रश्न कुठले विचारतो? 'खालची खोली मिळेल का?' आणि 'गरम पाणी किती ते किती?' तिसरा प्रश्न संडास देशी की विदेशी. खिडकीतून दरी दिसते का, हे नंतर. या प्रश्नांना आपण हसतो, त्यांवर विनोद करतो, पण त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे. बरोबर म्हातारं माणूस आहे हे धरून चाललेले ते प्रश्न आहेत. अमेरिकेत आलो, गरम पाणी चोवीस तास मिळायला लागलं, आणि आपण दोन्ही प्रश्न विसरलो. पाणी मिळतं, पण त्या पाण्यापर्यंत पोचायचं कसं, हे विचारायचं राहून गेलं.

*

जरा या मधल्या दराकडेच बघू. ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं. आज त्यांच्या हद्दीत डिस्नेची स्वतःची वीसहून जास्त हॉटेलं आहेत आणि त्यांची उतरंड ठरलेली आहे : व्हॅल्यू, मॉडरेट, डिलक्स आणि त्याहून वर डिलक्स व्हिला. 'मॉडरेट'मधलं पहिलं हॉटेल कॅरेबियन बीच, १९८८चं. मग पोर्ट ऑर्लिन्सची दोन १९९१ आणि १९९२ला आली. गंमत अशी की १९९४मध्ये ऑल-स्टार ही 'व्हॅल्यू' हॉटेलं उघडेपर्यंत, तंबू ठोकायची जागा सोडली, तर हीच त्या हद्दीतली स्वस्तातली हॉटेलं होती. इमारती त्याच, खोल्या त्याच. खालच्या बाजूला आणखी एक पायरी बांधली आणि काल जे स्वस्त होतं ते आज मधलं झालं. मधलेपणा हा हॉटेलचा गुण नसतोच. शेजारी काय ठेवलंय त्यावर तो ठरतो.

दुकानदारीत हे जुनंच आहे. इटामार सायमनसन या संशोधकानं १९८९मध्ये दाखवून दिलं की तीन पर्याय समोर ठेवले की लोक मधल्याकडे ओढले जातात, कारण मधल्याचं समर्थन करणं सगळ्यात सोपं असतं. समर्थन कुणापुढे? स्वतःपुढे, बायकोपुढे, सासऱ्यांपुढे. आमच्या तक्त्यातली वरची तीन आणि खालची तीन हॉटेलं आम्ही नीट वाचलीसुद्धा नव्हती. ती फक्त मधलं निवडल्याचं समाधान मिळावं म्हणून तिथं होती.

बरं, मधल्या पायरीवर चढून मिळतं काय? खोली थोडी मोठी. व्हॅल्यूतली साधारण २६० चौरस फूट असेल तर मॉडरेटमधली ३१४च्या आसपास. झाडं जास्त, तळं, पूल, घसरगुंडीचा तलाव, बसून जेवायचं रेस्तराँ. सजावट भडक नाही, बेताची. हे सगळं छान आहे. पण ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी? कॅरेबियन बीचच्या इमारती दुमजली आहेत आणि त्यांना लिफ्ट नाही. पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइडच्या एका मोठ्या भागाचंही तेच. उलट ज्याला आपण 'बजेट' म्हणून नाक मुरडतो ते पॉप सेंच्युरी चार मजली, आणि त्याला लिफ्ट आहे. २०१९मध्ये स्कायलायनर नावाचा हवाई पाळणा सुरू झाला. तो कॅरेबियन बीचवरून जातो तसाच पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या 'स्वस्त' हॉटेलांच्या दारातूनही जातो. आणि त्या आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये सहा माणसांचे सूट आहेत, ज्यांत दोन बाथरूम आहेत, छोटा फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह आहे. दोन बाथरूम! साध्या मॉडरेट खोलीत एकच.

म्हणजे लिफ्ट, दुसरं न्हाणीघर, रात्री वाटीभर वरणभात गरम करायची सोय या गोष्टी त्या उतरंडीवर पैशांबरोबर चढत जात नाहीत. चढत जातो तो देखावा. शिडीवर मोजलं जातं ते एक आणि आपल्याला हवं असतं ते दुसरंच. तरी आपण एक पायरी वर चढलो की आई-बाबांचं काहीतरी भलं केलं असं वाटून घेतो.

तिकिटाचंही असंच. तिथं तीन ते नऊ वर्षं हा एक गट आणि दहापासून पुढं सगळे प्रौढ. दहा वर्षांचं कार्टं आणि पंचाहत्तरीची आजी एकाच दरात. त्या जगाच्या हिशेबात म्हातारपण नावाची अवस्थाच नाही. ती आपल्याला स्वतःच्या हिशेबात धरावी लागते.

*

मुळात ही खोली कुणासाठी बांधली आहे? दोन मोठे पलंग, एक बाथरूम, एक टीव्ही. १९५१मध्ये केमन्स विल्सन नावाचा मेम्फिसचा बांधकाम व्यावसायिक बायको आणि पाच मुलांना घेऊन मोटारीनं वॉशिंग्टनला गेला. वाटेतल्या मोटेलांत प्रत्येक मुलामागे वेगळे पैसे मागत, त्यानं तो वैतागला. परत येऊन १९५२मध्ये त्यानं पहिलं हॉलिडे इन काढलं : मुलं फुकट, खोल्या सगळीकडे सारख्या, स्वच्छ. अमेरिकन मधल्या दराच्या हॉटेलाचा साचा तिथून पक्का होत गेला. त्याच्या चिडण्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या मोटारीत आई-बाप आणि पोरं होती, आजी नव्हती. सत्तर वर्षं झाली, आपण सात माणसं घेऊन त्याच खोलीत शिरतो आणि 'रोलअवे बेड मिळेल का?' विचारतो.

रोलअवे बेडनं एक माणूस वाढतं. नाती वाढत नाहीत.

आमची वाटणी अशी होती : एका खोलीत सासू-सासरे आणि मुलगा, दुसऱ्या खोलीत आम्ही दोघं, मुलगी आणि आई. कागदावर चार आणि तीन, अगदी चपखल. आता हेच मराठीत वाचा. पंचाहत्तरीला आलेली बाई, चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, जावयाच्या पलंगापासून तीन फुटांवर झोपणार. पहाटे पाचला उठायची सवय असताना दिवा न लावता सात वाजेपर्यंत पडून राहणार, कारण जावयाची झोप मोडेल. साडी बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर नेसणार. औषधाच्या गोळ्या चाचपडत घेणार. नवरा माझा अतिशय चांगला माणूस आहे, 'आई' म्हणूनच तिला हाक मारतो. त्यानं काय फरक पडतो? प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नाही. साठ-सत्तर वर्षं अंगात भिनलेला संकोच पाच रात्रींसाठी खुंटीला टांगून ठेवता येत नाही, आणि ठेव म्हणणारे आपण कोण?

*

पहिल्या दिवशी सकाळी आईनं फक्त चहा घेतला. नाश्ता फुकट होता, तक्त्यातला आमचा लाडका रकाना. अंडी, बटाटे, टोस्ट, दही, फळं, सगळं होतं. म्हणाली, 'सकाळी भूक नसते गं हल्ली.' दुपारी उद्यानात केळं आणि पर्समधले शेंगदाणे. रात्री, 'दमले, नको काही.' दुसऱ्या दिवशी तेच. सासूबाईंना तिनं सांगितलं की कसलासा उपास आहे. सासूबाईंनी मला सांगितलं. मी म्हटलं, असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी रांगेत तिला घेरी आली. कठडा धरला म्हणून पडली नाही. प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, तिथल्या नर्सनं फार प्रेमानं केलं, पाणी पाजलं, रक्तदाब मोजला. आम्ही सगळे म्हणालो, फ्लोरिडाचं ऊन.

रात्री मुलगी माझ्याजवळ आली. 'आई, आजीनं सांगू नको म्हटलंय. ती अंघोळ नाही करत. टबच्या बाहेर उभी राहते आणि टॉवेल ओला करून पुसते.'

पुढचं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या आईनं जन्मात कधी पारोशानं अन्न खाल्लेलं नाही. चहा चालतो, फळ चालतं, पण शिजवलेलं अन्न अंघोळीशिवाय नाही. अंग पुसणं ही तिच्या लेखी अंघोळ नव्हे. तीन दिवस ती केळी आणि शेंगदाण्यांवर होती. आणि टबमध्ये ती उतरत नव्हती, कारण टबची कड गुडघ्याएवढी उंच, आत गुळगुळीत, धरायला जवळ काही नाही. त्याच्या दोन वर्षं आधी ती मिरजेच्या घरी मोरीत पाय घसरून पडली होती आणि मनगट मोडलं होतं. तेव्हापासून तिथं भिंतीला स्टीलची दांडी आहे आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल आहे. त्या दांडीचे पैसे मी पाठवले होते. फोटोही मागवला होता, नीट बसवली का बघायला.

म्हणजे मला माहीत होतं. हे लिहिताना सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. माहिती कमी पडली नव्हती. माहिती माझ्याकडे होती, ती तक्त्यात आली नाही, कारण तक्ता हॉटेलांचा होता, माणसांचा नव्हता.

मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, 'इथं पडले असते तर तुम्हांला केवढ्याला पडलं असतं? तुमचा विमा मला माहितीय. आणि एवढ्या हौसेनं आणलंत, त्यात माझं कुठं न्हाणीघराचं रडगाणं.'

रात्री साडेनऊला नवरा खाली काउंटरवर गेला. टब नसलेली, सरळ चालत आत जाता येईल अशा शॉवरची खोली आहे का, एवढंच त्यानं विचारलं. दहा मिनिटांत परत आला. तळमजल्यावरची खोली मिळाली. शॉवरला दांडी, खाली बसायची फळी. दर तोच. एक डॉलर जास्त नाही. अमेरिकेत अपंग व्यक्तींसाठीचा कायदा १९९०चा आहे. मोठ्या हॉटेलांना अशा काही खोल्या ठेवाव्याच लागतात. आम्ही तीन आठवडे जिथं बचत शोधत होतो, तिथं हा एक प्रश्न फुकट होता. तो विचारला नाही, कारण आपल्याला त्या खोल्या 'आपल्या' वाटत नाहीत. 'आपण काय अपंग आहोत का?' हे वाक्य सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी उच्चारलंही, आणि मग संध्याकाळी हळूच येऊन त्या फळीवर बसून अंघोळ करून गेले.

चौथ्या दिवशी सकाळी आई सहाला न्हाऊन, केस विंचरून, नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांच्या आधी बसली होती. तिनं दोनदा वाढून घेतलं.

*

यावर तीन आक्षेप मी ऐकलेले आहेत, पैकी दोन माझ्याच घरात.

पहिला : 'मग त्यांनी तोंड उघडून सांगायला नको?' हो, सांगायला हवं. मी या बाबतीत आई-वडिलांच्या पिढीला सोडायला तयार नाही. 'आम्हांला काय' या वाक्यात नम्रता असते तेवढाच हट्टही असतो. त्या वाक्यानं सगळी जबाबदारी समोरच्यावर ढकलली जाते आणि नंतर सोसण्याचं पुण्य स्वतःकडे राहतं. मी आईवर त्या रात्री चिडले, आणि चिडले याची मला लाज वाटत नाही. पण दोन चुका सारख्या नसतात. जन्मभर घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाल्लेल्या बाईला सातासमुद्रापार, दुसऱ्याच्या पैशानं आलेली असताना, 'मला टब नको' म्हणणं जड जातं. आणि ज्यानं आठ देशांच्या ग्राहकांकडून त्यांच्या गरजा काढून घेण्याचा पगार घेतलाय, त्याला स्वतःच्या आईकडून एक गरज काढून घेता येऊ नये? कामावर कुणी 'काहीही चालेल' म्हटलं तर आपण लगेच सावध होतो. घरी मात्र ते वाक्य आपल्याला फार सोयीचं वाटतं. त्याचा अर्थ 'विचारू नकोस' असा नसून 'पुन्हा विचार' असा आहे, हे प्रत्येक मराठी माणसाला जेवणाच्या पंगतीत कळतं. 'नको नको' म्हणणाऱ्याच्या पानात आपण आग्रहानं जिलबी वाढतोच की. मग हॉटेलच्या बाबतीतच पहिला नकार इतका पवित्र कसा?

दुसरा : 'एवढं करायचं तर खर्च किती वाढेल!' वाढतोच असं नाही, हेच तर मी सांगते आहे. दोन बाथरूमचा सूट 'व्हॅल्यू'त मिळतो. हद्दीबाहेर किसिमीला सुट्टीसाठी भाड्यानं मिळणारी घरं रांगेनं आहेत. चार-पाच झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, कपडे धुवायचं यंत्र, आणि बहुतेकदा एक तरी झोपायची खोली खाली. सात माणसांत भागिलं की दोन खोल्यांच्या हिशेबाच्या फार पलीकडे जात नाही, आणि सकाळचे पोहे घरचे. त्यात तोटे आहेतच : गाडी लागते, आणि डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना उद्यानात अर्धा तास आधी शिरता येतं तेही जातं. पण तो अर्धा तास कुणाला हवा असतो? माझ्या मुलाला आणि त्याच्या बापाला. त्यांनी जावं की लवकर. सातही माणसांनी एकत्र, एकसारखे टी-शर्ट घालून, सकाळी साडेसातला फाटकावर उभं राहिलं तरच ती कौटुंबिक सहल, हा नियम कुणी केला? आणि अगदी हातात पैसे असतीलच तर पाच रात्री मधल्यात काढण्यापेक्षा तीनच रात्री मोनोरेलच्या कडेच्या महागड्या हॉटेलात काढा, दुपारी म्हातारी माणसं दहा मिनिटांत खोलीवर येऊन आडवी होतील. स्वस्त घ्या, नाहीतर महाग घ्या. पण कशासाठी घेतोय ते ठाऊक असू द्या.

तिसरा आक्षेप सगळ्यात दुष्ट आहे, आणि तो बहुधा समजूतदारपणाच्या सुरात येतो : 'खरं तर त्यांना थीम पार्कला नेऊच नये. देऊळ दाखवावं, नायगारा दाखवावा.' हे म्हणणाऱ्यांनी माझ्या सासऱ्यांना कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये बघायला हवं होतं. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला हा खेळ. प्रेक्षक बसलेले असतात आणि प्रेक्षागृहच फिरतं. थंडगार, वीस मिनिटं, पायाला आराम. विजेच्या मंडळात आयुष्य काढलेला माणूस, एकेका दृश्यात घरात वीज कशी येते, पंखा, फ्रिज, धुलाईयंत्र कसं येतं ते बघत होता आणि आपल्या वाड्यात पहिला दिवा कधी लागला ते नातवाला सांगत होता. दोनदा बघितला त्यांनी तो खेळ. त्या खेळातल्या घरात आजी-आजोबाही आहेत, सगळ्यांबरोबर, एकाच छपराखाली. हॉटेलच्या खोलीत त्यांना जागा नाही, रंगमंचावर आहे. आणि आई? चौथ्या दिवशी, पोटात अन्न असलेली आई, नातीबरोबर होडीत बसून पुतळ्यांची गाणी ऐकून बाहेर आली आणि म्हणाली, 'परत जाऊ या.' म्हाताऱ्या माणसांना मजा नको असते हे आपण ठरवतो, कारण मग न्हाणीघराचा प्रश्नच येत नाही.

*

आता आमच्या तक्त्यात पहिले रकाने माणसांचे असतात. प्रत्येकाच्या नावापुढे : किती पायऱ्या चढवतात, रात्री किती वेळा उठावं लागतं, अंघोळ कशी आणि किती वाजता, दुपारी आडवं व्हावं लागतं का, कुणाबरोबर खोलीत झोपायला संकोच नाही. ही माहिती एकेकाकडून वेगळी घ्यायची, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर नाही. व्याह्यांसमोर कोण सांगणार रात्री चारदा उठतो म्हणून? मग हॉटेलला फोन. ईमेल नाही, फोन. खालचा मजला किंवा लिफ्ट. लिफ्टपासून खोली किती लांब. टब की शॉवर. दोन खोल्यांच्या मधलं दार 'विनंती' म्हणून लिहून घेताय की नक्की देताय. बस दारात येते की पाच मिनिटं चालून गेल्यावर. एवढं झालं की शेवटी दराचा रकाना. तो शेवटीच आल्यामुळे तो मधला आहे की खालचा, हे बघायची इच्छाही राहत नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी आईला फोनवर वाचून दाखवला. पारोशी वगैरे लिहू का, म्हणून विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'लिही. पण तीन दिवस लिहू नकोस, अडीच. आणि हॉटेल चांगलं होतं असं लिही, नाहीतर त्या लोकांना उगीच वाईट वाटेल.'

लिहिलं. मग मी विचारलं, पुढच्या वर्षी येशील तेव्हा कुठं जाऊ या?

'आम्हांला काय...' तिनं सुरुवात केली.

मी थांबले नाही, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, 'समुद्र असेल तर बरं. आणि झोपायला खोली मला एकटीला हवी. खर्चाचं काय ते मी बघेन, माझी पेन्शन आहे.'